घाटेअळीचं आतडं आणि सेमिनारचा तास

हरभऱ्याच्या शेतात घाटे भरू लागले की काही घाट्यांना गोल भोकं पडलेली दिसतात. जरा शोधलं की भोक पाडणारी अळीही सापडते. तिचं डोकं घाट्यात असतं आणि बाकीचं अंग बाहेर लोंबत असतं. शेतकरी तिला घाटेअळी म्हणतात. कापसावर तीच अमेरिकन बोंडअळी होते आणि तुरीच्या शेंगाही तीच पोखरते. तिचं शास्त्रीय नाव हेलिकोव्हर्पा आर्मिजेरा.

यात एक कोडं आहे. हरभऱ्याच्या दाण्यात काही लहान प्रथिनं असतात. ट्रिप्सिनसारखी, म्हणजे प्रथिनं पचवणारी विकरं आतड्यात काम करतात. दाण्यातली ही लहान प्रथिनं त्या विकरांना जाऊन चिकटतात आणि त्यांचं काम बंद पाडतात. या लहान प्रथिनांना अवरोधक म्हणायचं. दाणा खाणाऱ्याचं पचन बिघडावं अशी सोय दाण्याच्या आतच आहे. तरीही अळी हरभरा खाते, पचवते आणि त्यावर पोसते. कशी?

पुण्याच्या पाषाण भागातल्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, म्हणजे एनसीएलमध्ये, 1990च्या दशकात या प्रश्नावर काम झालं. 3 जानेवारी 1950 रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते उद्घाटन झालेल्या या संस्थेच्या नावात रसायन असलं, तरी जीवरसायनशास्त्राचं मोठं काम तिथे झालेलं आहे. एरवी फुलायला अनेक वर्षं घेणारा बांबू ऊतिसंवर्धनाच्या काचपात्रात लवकर फुलवल्याचा 'नेचर'मधला 1990चा निबंधही तिथलाच. घाटेअळीबद्दल अशोक गिरी, अभय हरसुलकर, विद्या गुप्ता, प्रभाकर रांजेकर आणि सहकाऱ्यांचा निबंध 1998 साली 'प्लांट फिजिऑलॉजी' या नियतकालिकात आला. त्यांचा निष्कर्ष असा की अळीच्या आतड्यातली विकरं हरभऱ्याच्या अवरोधकांनाच निकामी करू शकतात. अडवायला आलेल्यालाच अळी पचवून टाकते.

हा निष्कर्ष एका वाक्यात मावतो. पण हेच वाक्य सभागृहात उभं राहून सांगायचं आणि समोर बसलेल्या जाणकारांना पटवायचं, हे वेगळं काम आहे. या प्रकरणात मला त्याबद्दल लिहायचं आहे. समजा, असाच विषय घेतलेली एक विद्यार्थिनी पुण्यातल्या एखाद्या संस्थेत आपलं काम मांडायला उभी आहे. ती काय सांगेल, आणि तिने काय सांगायला हवं?

अशा प्रसंगांची पुण्यात कमतरता नाही. एनसीएलपासून थोड्याच अंतरावर 2006 साली सुरू झालेली आयसर आहे. गणेशखिंडीतल्या विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र आहे. आगरकर रस्त्यावरची आघारकर संशोधन संस्था 1946 पासून चालू आहे. पीएच.डी. करणाऱ्याला जर्नल क्लबमध्ये दुसऱ्यांचे निबंध मांडावे लागतात, लॅब मीटिंगमध्ये स्वतःचा डेटा दाखवावा लागतो, सल्लागार समितीपुढे ठराविक काळाने प्रगती सांगावी लागते. शेवटी प्रबंध सादर करण्यापूर्वी खुलं सादरीकरण होतं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांत ते सक्तीचं आहे आणि विभागातल्या सगळ्या शिक्षकांना, संशोधक विद्यार्थ्यांना तिथे येऊन बसता येतं. ही तरतूद मला फार मोलाची वाटते. ज्याने आयुष्यात कधी अळी पाहिलेली नाही, पण विकरांचं गणित ज्याला तोंडपाठ आहे, असा माणूस तिथे येऊन बसतो, आणि वर्षानुवर्षं एकाच विषयात राहिलेल्या गाईड-विद्यार्थ्यांना जे दिसेनासं झालेलं असतं ते त्याला दिसतं.

बहुतेक सेमिनार बिघडतात ते क्रमामुळे. पहिल्या वर्षी बिया गोळा केल्या, मग अर्क काढला, मग बफर बदलला, मग जेल चालवलं. काम ज्या क्रमाने झालं त्याच क्रमाने ते सांगितलं जातं. विद्यार्थिनीला हा क्रम नैसर्गिक वाटतो, कारण ती तो जगली आहे. ऐकणाऱ्याला मात्र प्रत्येक स्लाइडवर प्रश्न पडतो की हे मला आता का सांगितलं जातंय. बफर बदलण्यात तिचे तीन महिने गेले असतील, त्या कष्टांबद्दल मला आदर आहे. पण ते महिने पुरावा नव्हेत. सेमिनारमध्ये ऐकणाऱ्याला दोन गोष्टी मिळायला हव्यात: आपला दावा काय आहे, आणि तो खोटा असता तर आपल्याला ते कुठे कळलं असतं. दुसरी गोष्ट बहुतेक भाषणांतून गळते. आपल्यावर अविश्वास दाखवायची साधनं श्रोत्याच्या हातात देणं हेच चांगल्या सादरीकरणाचं मर्म आहे, असं मला ठामपणे वाटतं.

आता प्रत्यक्ष प्रयोगाकडे येऊ.

पहिला पुरावा परीक्षानळीतला. बीएपीएनए नावाचा एक कृत्रिम पदार्थ आहे. ट्रिप्सिनने तो तोडला की पिवळा रंग सुटतो. हा पिवळेपणा 410 नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशात मोजता येतो. रंग जितका गडद, तितकं विकर कामात. एका नळीत गाईच्या स्वादुपिंडातलं ट्रिप्सिन घ्यायचं, दुसरीत अळीच्या आतड्याचा अर्क घ्यायचा आणि दोन्हींत हरभऱ्याच्या दाण्याचा तेवढाच अर्क घालायचा. गाईच्या ट्रिप्सिनचा पिवळा रंग चांगलाच उतरतो. अळीच्या नळीतला मात्र तितका उतरत नाही. ट्रिप्सिनविरोधी ताकद आणि अळीविरोधी ताकद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे 1998च्या निबंधातलं एक मुख्य निरीक्षण. केवळ गाईचं ट्रिप्सिन वापरून 'या वाणात अवरोधक भरपूर, म्हणून हा वाण कीडरोधक' असं म्हणणाऱ्याची इथे फसगत होते.

पण या मोजमापांचा आलेख पडद्यावर येताच जाणकार श्रोता स्तंभांच्या उंचीआधी कंट्रोल शोधतो. नुसत्या विकराची नळी कुठे आहे? तिच्या रंगाला शंभर टक्के धरल्याशिवाय बाकीच्या टक्क्यांना अर्थ नाही. नुसता दाण्याचा अर्क घेतला तर? त्याचाच रंग पिवळसर असेल तर मोजमाप चुकेल. अळ्यांना आदल्या दिवशी काय खायला दिलं होतं? प्रत्येक स्तंभावर जी लहान उभी रेघ असते, एरर बार, ती कशाची? एकाच नळीतून तीन वेळा वाचन घेतलं की तीन वेगवेगळ्या वेळी पाळलेल्या अळ्यांमधून तीन अर्क काढले? पहिल्यातून फक्त यंत्र किती स्थिर आहे ते कळतं, दुसऱ्यातून अळ्यांबद्दल काही कळतं. या दोन्हींना सरसकट 'तीन वेळा केलं' म्हणणं ही जीवरसायनशास्त्राच्या सेमिनारमधली सगळ्यात महाग पडणारी ढिलाई आहे. तसंच '72.38 टक्के अवरोध' असं लिहिणंही. पिपेटचीच चूक एक-दोन टक्क्यांची असेल तर दशांशानंतरचे दोन आकडे कोणाला फसवतात? आधी बोलणाऱ्यालाच.

दुसरा पुरावा मला अधिक आवडतो, कारण तो डोळ्यांना दिसतो आणि त्याची मुळं महाराष्ट्रातच आहेत. तेव्हाच्या औरंगाबादच्या विद्यापीठातल्या पिचारे आणि काचोळे यांनी 1994 साली एक साधी पद्धत प्रसिद्ध केली. अर्कातली प्रथिनं जेलमध्ये विजेच्या प्रवाहाने वेगवेगळी केली की अवरोधक आपापल्या जागी थांबतात, पण डोळ्यांना दिसत नाहीत. मग ते जेल ट्रिप्सिनच्या द्रावणात भिजवायचं आणि न वापरलेल्या एक्स-रे फिल्मवर ठेवायचं. फिल्मवर जिलेटिनचा थर असतो, जिलेटिन हे प्रथिन आहे, आणि ट्रिप्सिन ते पचवतं. जिथे अवरोधक आहे तिथे ट्रिप्सिन अडतं आणि जिलेटिन शाबूत राहतं. फिल्म धुतली की शाबूत जिलेटिनचे पट्टे उरतात. छातीचे फोटो काढायच्या फिल्मवर हरभऱ्याच्या दाण्यातली संरक्षक प्रथिनं उमटतात. महागडं रंगद्रव्य नको, किरणोत्सर्गी पदार्थ नको. मर्यादित पैशांत काम करणाऱ्या प्रयोगशाळांसाठी याचं मोल किती असेल!

आता विद्यार्थिनी पडद्यावर अशी फिल्म दाखवते. पहिल्या लेनमध्ये हरभऱ्याचा अर्क, त्यात अवरोधकांचे स्पष्ट पट्टे. दुसऱ्या लेनमध्ये तोच अर्क, पण अळीच्या आतड्यातल्या विकरांसोबत काही काळ ठेवलेला. पट्टे गेले. ती म्हणते, "म्हणजे अळीने अवरोधक तोडले." सभागृहात माना डोलतात. आणि मागच्या रांगेतले सर विचारतात, "पट्टा गेला हे दिसतंय. पण तो तुटला, हे कशावरून?"

प्रश्न खोचक वाटतो, पण तो अगदी रास्त आहे. अवरोधकाचं कामच विकराला चिकटणं. तो अळीच्या विकराला घट्ट चिकटला, तर ती जोडी जेलमध्ये वेगळ्या जागी जाईल आणि मूळ जागेवरचा पट्टा नाहीसा होईल, अवरोधक अख्खा असतानाही. म्हणजे 'अळी अवरोधकाला हरवते' आणि 'अवरोधक अळीच्या विकराला पकडतो', हे अगदी उलट अर्थ एकाच रिकाम्या जागेतून निघू शकतात. विद्यार्थिनी तयारीने आली असेल तर तिच्याकडे तिसरी लेन आहे: अळीचा अर्क उकळून निकामी केला, मग मिसळला, आणि पट्टे राहिले. एवढ्याने सरांचं समाधान होणार नाही, कारण उकळलेलं विकर चिकटणारही नाही. म्हणून चौथी लेन लागते. अळीचा अर्क उकळायचा नाही. त्यातल्या विकरांना पीएमएसएफसारख्या रसायनाने आधीच बंद पाडायचं आणि मग मिसळायचं. शिवाय वेळेनुसार नमुने घ्यायचे: पाच मिनिटं, अर्धा तास, तीन तास. चिकटणं सहसा झटपट होतं. तोडणं हळूहळू वाढत जातं आणि मागे तुकडे ठेवतं. नमुने एसडीएस हे रसायन घालून उकळले आणि जेलवर चालवले तर चिकटलेल्या जोड्या सुटतात. मग अख्खं प्रथिन आहे की तुकडे आहेत हे सरळ पाहता येतं.

सेमिनारची पंचेचाळीस मिनिटं असतील तर त्यातली पंधरा या एका फिल्मला द्यावीत, असं मी म्हणेन. बाकीच्या दहा स्लाइड गाळल्या तरी चालेल. आणि सर विचारायच्या आधी तिने स्वतःच म्हणावं: "पट्टा दोन कारणांनी जाऊ शकतो. मला दुसरं कारण कसं वगळता आलं ते सांगते." ज्या क्षणी बोलणारी व्यक्ती स्वतःच्या निष्कर्षाला दुसरा पर्याय शोधून त्याची परीक्षा घेते, त्या क्षणी सभागृह तिच्यासोबत विचार करू लागतं.

जीवरसायनशास्त्राच्या इतिहासातलं बहुधा सगळ्यात गाजलेलं भाषण याच गुणामुळे लक्षात राहिलं. ऑगस्ट 1961, मॉस्को, आंतरराष्ट्रीय जीवरसायनशास्त्र परिषद. मार्शल निरेनबर्ग हा फारसा कोणाला माहीत नसलेला अमेरिकी संशोधक एका लहान खोलीत मोजक्या लोकांपुढे बोलला. त्याने आणि हाइनरिक मथाई याने पेशींविना, नळीतच प्रथिनं तयार करणारा अर्क घेतला होता, त्यात फक्त 'यू' या एकाच अक्षराची बनलेली आरएनए साखळी घातली होती, आणि बाहेर आली ती फक्त फेनिलअॅलनिन या अमिनो आम्लाची साखळी. जनुकीय भाषेतला पहिला शब्द असा वाचला गेला. पण ऐकणाऱ्यांना पटलं ते बाकीच्या नळ्यांमुळे. 'यू'ची साखळी न घातलेल्या नळीत काही घडलं नव्हतं, दुसऱ्या अक्षरांच्या साखळीने हा परिणाम दिला नव्हता, आणि इतर अमिनो आम्लं साखळीत शिरली नव्हती. खोलीतल्या मॅथ्यू मेसलसनने हे फ्रान्सिस क्रिकच्या कानावर घातलं आणि क्रिकने तेच भाषण मोठ्या सभेपुढे पुन्हा करायला लावलं. 1968 साली निरेनबर्गला हरगोविंद खुराना आणि रॉबर्ट हॉली यांच्यासोबत नोबेल मिळालं.

पुन्हा पुण्याच्या सभागृहात येऊ. सुरुवातीच्या स्लाइडबद्दल मला एक आग्रह धरायचा आहे. अवरोधकांचा इतिहास सांगताना विद्यार्थी साधारणपणे दोन नावं घेतात. 1945 साली मोझेस कुनिट्झ यांनी सोयाबीनमधला ट्रिप्सिन अवरोधक स्फटिकरूपात वेगळा केला. 1972 साली ग्रीन आणि रायन यांनी दाखवलं की कीटकांनी बटाट्याची किंवा टोमॅटोची पानं कुरतडली की झाडात अवरोधक वाढतात. दोन्ही महत्त्वाची. पण मधे 1955 आहे, आणि ते मुंबईचं आहे. त्या वर्षी कमला सोहोनी आणि अंबे यांनी 'नेचर'मध्ये वाल आणि डबल बी यांच्यातले ट्रिप्सिन अवरोधक स्फटिकरूपात मिळवल्याचं प्रसिद्ध केलं.

कमलाबाईंचं नाव सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून प्रवेश द्यायला केलेल्या खळखळीसाठी घेतलं जातं. ते घ्यावंच. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत त्यांनी श्रीनिवासय्यांच्या हाताखाली काम केलं, पुढे केंब्रिजमध्ये वनस्पतींच्या पेशींतल्या सायटोक्रोम सीवर काम करून 1939 साली पीएच.डी. मिळवली, आणि परत येऊन आयुष्यभर आपल्या ताटातल्या पदार्थांचा अभ्यास केला. नीरा, कडधान्यं, भाज्या. आपण वाल भिजवतो, मोड आणतो, सोलतो आणि चांगले शिजवतो, तेव्हा बिरड्यातले ते अवरोधक उष्णतेने बव्हंशी निकामी होतात. अळीकडे चूल नाही, म्हणून तिला दुसरा मार्ग काढावा लागला. घाटेअळीवर काम करणाऱ्या पुण्याच्या विद्यार्थिनीने पहिल्याच स्लाइडवर वाल आणावा. त्यामुळे तिचा प्रश्न परदेशी नियतकालिकातून उचललेला न वाटता इथल्याच एका जुन्या कामाला जोडला जाईल, आणि तो खरोखरच तसा जोडलेला आहे.

भाषेचा प्रश्नही टाळता येणार नाही. सेमिनार इंग्रजीत होतो. नगर, बीड, सांगलीकडून मराठी माध्यमात शिकून आलेली मुलं पुण्यातल्या प्रयोगशाळांमध्ये हाताने उत्तम काम करतात आणि माइकसमोर गप्प होतात. मग ती स्लाइडवर अख्खी वाक्यं लिहितात आणि वाचून दाखवतात. माझा सल्ला असा की आदल्या आठवड्यात सगळं भाषण एकदा मराठीत, एकही स्लाइड न दाखवता, विज्ञान न शिकलेल्या कोणाला तरी सांगावं. घाटेअळी माहीत असलेला माणूस मिळाला तर उत्तमच. त्याला जिथे कळणार नाही, तिथे बहुतेक वेळा इंग्रजी कमी पडत नसून विचारातली एक पायरी गाळलेली असते. ती भरून काढली की इंग्रजी साधं चालतं. आणि ऐकणाऱ्या ज्येष्ठांनीही एवढं करावं: व्याकरण सोडून द्यावं, लेन पाहावी. एखादी मुलगी प्रश्नाचं उत्तर मराठीत देऊ लागली तर देऊ द्यावं.

प्रश्नोत्तरांत सगळ्यात अवघड वाक्य म्हणजे "हे मी तपासलेलं नाही." ते सरळ म्हणता आलं पाहिजे, आणि लगेच पुढे जोडता आलं पाहिजे की तपासायचं झालं तर कसं तपासता येईल. समितीतल्या मॅडम विचारतील, "अवरोधक खाऊ घातल्यावर अळी दुसरीच विकरं तयार करत असेल तर?" हा प्रश्न हवेतला नाही. 1995 साली नेदरलँड्समधल्या संशोधकांनी दुसऱ्या एका अळीत नेमकं हेच दाखवलं होतं: अवरोधकाला न जुमानणारी विकरं ती वाढवते. मग नळीतला पिवळा रंग पुरत नाही. अळीला अनेक दिवस तो आहार द्यावा लागतो, तिचं वजन घ्यावं लागतं, ती कोषात कधी जाते ते पाहावं लागतं आणि शेवटी तिच्या आतड्यातली विकरं पुन्हा तपासावी लागतात.

एनसीएलच्या गटाचा 1999चा निबंध याच दिशेचा आहे. त्यांनी घाटेअळी ज्यांवर पोसते अशी तीन पिकं घेतली, हरभरा, तूर आणि कापूस. आणि तिचं खाद्य नसलेली म्हणून तीन घेतली, भुईमूग, चौधारी घेवडा आणि बटाटा. रोजच्या खाद्यातले अवरोधक तिच्यापुढे फिके पडले. ज्यांच्याशी तिचा फारसा संबंध आला नव्हता, त्या वनस्पतींचे अवरोधक टिकले आणि अळीची वाढ खुंटली. तरीही निबंधाच्या शीर्षकातच त्यांनी असे अवरोधक एकापाठोपाठ एक वापरावे लागतील असं म्हटलं, कारण एकाच अवरोधकावर अळी पुन्हा मार्ग काढेल ही शंका त्यांनी स्वतःच मांडली होती. 2005 साली त्याच प्रयोगशाळेतून मिरचीतल्या अवरोधकांवरचं काम आलं. त्यात परीक्षानळीतले परिणाम आणि जिवंत अळीवरचे परिणाम असे दोन्ही पुरावे एकाच निबंधात मांडलेले आहेत.